पाट्या-वरवंट्याचे वकील

दिवाळी महिन्यावर आली की दोन मते हमखास कानावर पडतात. पहिले असे की मिक्सर, कुकर आणि गॅसवर केलेल्या फराळाला ‘ती’ चव नाही. ती उखळ, पाटा आणि चुलीबरोबर गेली. दुसरे असे की घरी फराळ करणे हा आता निव्वळ आटापिटा आहे, बाहेर सगळे छान मिळते, चार डबे आणा आणि मोकळे व्हा. ही मते बाळगणारी माणसे एकमेकांकडे बघून नाके मुरडतात. पहिल्याला दुसरा बाजारू वाटतो, दुसऱ्याला पहिला बुरसटलेला. पण दोघांचे ऐकून नव्याने संसार मांडलेले जोडपे शेवटी करते काय? काहीच करत नाही. तुमच्या-माझ्या साध्या ओट्यावर सणाचा पदार्थ मुळापासून नीट होत नाही, यावर या दोघांचे गुपचूप एकमत आहे. माझे भांडण त्या एकमताशी आहे.

आधी चुलीच्या भक्तांना विचारू, ‘ती चव’ म्हणजे नेमकी कधीची? डालडा बाजारात आला १९३७ साली. त्यानंतरच्या कित्येक दिवाळ्यांत मध्यमवर्गीय घरांतल्या करंज्या, चिरोटे आणि शंकरपाळे त्या पिवळ्या डब्यातल्या वनस्पती तुपात तळले गेले. प्रेशर कुकर आपल्याकडे बनू लागले १९५९च्या सुमारास. सत्यप्रकाश माथुर यांनी सुमीत मिक्सर आणला तो १९६०च्या दशकात, कारण घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटणाघाटणापुढे टिकेना. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली १९७० साली आणि तिने मापे दिली ती वाटी-चमच्यांत, म्हणजे कुठल्याही घरात कुणालाही मोजता येतील अशी. तेव्हा आज पन्नाशीत असलेल्या माणसाला आठवते ती आईची दिवाळी ही सरळसरळ डालडा, कुकर, मिक्सर आणि पुस्तकातल्या वाटीची दिवाळी आहे. तिला तो आज ‘अस्सल पारंपरिक’ म्हणतो. खुशाल म्हणावे, फक्त मग माझ्या मिक्सरला नावे ठेवू नयेत.

आणि पाट्याची थोरवी गाणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाट्याला टाकी लावून घेतली आहे? दगड वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग वाटण नुसते सरकते. म्हणून टाकी लावणाऱ्या बाया गल्लीतून ओरडत जायच्या, छिन्नी-हातोडीने पाटे-जाती खडबडीत करून द्यायच्या, आणि त्यानंतर वाटणात कच येऊ नये म्हणून घरची बाई तो पाटा पुन्हा पुन्हा घासून धुवायची. पाटा हेही यंत्रच होते. त्यालाही देखभाल लागे आणि त्याचे दोष सांभाळून घेणारी एक बाई लागे. जात्यावरच्या ओव्यांनी ज्यांचे डोळे पाणावतात त्यांनी त्या बहुधा पुस्तकात वाचलेल्या असतात, पहाटे दळताना म्हटलेल्या नसतात.

शुद्धतेची रेघ एकदा ओढायला लागलो की ती थांबणार कुठे? तमिळनाडूत कै-मुरुक्कू आजही बोटांनी पीळ देत वळतात. त्या हिशेबाने आपला पितळी सोऱ्या म्हणजे शुद्ध लबाडीच. पुरणयंत्र, करंजीचे कातणे, मोदकाचा साचा, ही सगळी कुणीतरी कधीतरी श्रम वाचवायला काढलेली अवजारे. ती जुनी झाली म्हणून सोवळी ठरली. मिक्सर अजून पुरेसा जुना झाला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

पण वाद हवेत नको, पदार्थावर घालू. फराळात सगळ्यांत जास्त धाक अनारशाचा. ‘अनारसे घरी? मिक्सरवर? विसरा,’ असे मला सांगण्यात आले आहे, आणि सांगणाऱ्यांत अनारसे कधीच न केलेल्यांचा भरणा मोठा होता. मी कित्येक वर्षे ते मिक्सरवरच करते. तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचे. चौथ्या दिवशी उपसून पंचावर पसरायचे. यासाठी गच्ची लागत नाही, ऊनही लागत नाही, उलट उन्हात तांदूळ कडकडीत झाला तर सगळे मुसळ केरात. पंख्याखाली तास-दीड तास पुरतो. मूठ भरून दाबली तर तांदूळ दमट लागावा आणि तळहाताला पाणी लागू नये. या अवस्थेतला दाणा इतका ठिसूळ असतो की मिक्सरच्या छोट्या भांड्यात, निम्म्यापर्यंत भरून, थांबत थांबत फिरवला की भुगा होतो. तो मैद्याच्या चाळणीने चाळायचा, वर राहील ते पुन्हा फिरवायचे. गिरणीत हे काम होतच नाही. ओले पीठ दगडाला चिकटते म्हणून गिरणीवाला हात जोडतो. म्हणजे जो पदार्थ मिक्सरवर होत नाही म्हणतात, तो आजच्या शहरात मिक्सरवरच सोपा आहे.

पुढे पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ, चमचाभर तूप, आणि घट्ट गोळा करून डब्यात पाच-सहा दिवस. इथे मात्र वाटीवर भरवसा ठेवू नका, काटा वापरा. ओले पीठ वाटीत कधी दाबून बसते, कधी फुगून, आणि अनारशाची सगळी मेख गुळाच्या प्रमाणात आहे. मग खसखशीवर थापायचा, खसखस वरच्या बाजूला ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने कडेचे तूप वर उडवत राहायचे. खालून बुडबुडे येतात, पिठातला ओलावा वाफ होऊन वर वाट काढतो, आणि तुमच्या डोळ्यांदेखत पृष्ठभागाला भोके पडत जातात. हीच ती जाळी. ती पडते भिजवणीमुळे, ओलाव्यामुळे, गुळामुळे आणि तुपाच्या आचेमुळे. उखळाचा तिच्याशी संबंध एवढाच की पूर्वी दमट तांदूळ दळायला दुसरे काही नव्हते. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल राहिले तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे पसरून त्याचे तुकडे तुकडे होतात. तो उखळातल्या पिठाचाही हसतो. त्यावर उपाय म्हणून चाळलेले थोडे पीठ गूळ न घालता बाजूला सुकवून ठेवलेले बरे. हसरा गोळा त्याने ताळ्यावर येतो. फार घट्ट झाला तर दुधाचा हात किंवा चमचाभर पिकलेले केळे.

चकलीच्या बाबतीत मी मिक्सरची बाजू घेणार नाही. भाजणी गिरणीतच द्यावी. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मुगाची, वर धणे-जिरे. धुऊन सावलीत वाळवून, प्रत्येक धान्य वेगळे, मंद आचेवर भाजायचे. वेगळे का? कारण मुगाची डाळ लाल व्हायला लागते तेव्हा तांदूळ अजून कच्चा असतो. एवढे केले की गिरणीवाल्याला फक्त एक वाक्य सांगायचे: गव्हावर दळू नका. मिक्सरमध्ये ही भाजणी कितीही फिरवली तरी कणी राहते, भांडे तापते, आणि सोऱ्याच्या चकतीत कणी अडकली की चकलीचा काटा मोडतो. पण यातून ‘घरी होत नाही’ हा निष्कर्ष कसा निघतो? गिरणी काही कारखाना नाही. जाते सुटले तेव्हापासून पाव-अर्ध्या किलोच्या पिशव्या घेऊन आपण गिरणीत जातोच आहोत.

चकली बिघडते ती भलत्याच ठिकाणी. मोहन जास्त पडले तर तेलात विरघळते, कमी पडले तर दगड होते. उकड सैल झाली तर संध्याकाळपर्यंत मऊ पडते. या तिन्ही दोषांवर चूल काय करणार? उलट गॅसची आच बोटाने कमी-जास्त करता येते, ही सोय लाकडाच्या जाळावर तळणाऱ्या आपल्या पणजीला मिळाली असती तर तिने त्या शेगडीची पूजा केली असती.

पुरणाचे तर भांडणच नको. हरभऱ्याची डाळ कुकरमध्ये शिजते, कट आमटीला निथळून घेता येतो, आणि गूळ घालून आटवताना उलथने पुरणात उभे राहिले की झाले, ही खूण नॉनस्टिक पातेल्यातही तितकीच खरी आहे. पुरणयंत्र नसेल तर एवढेच करायचे: निथळलेली डाळ गूळ घालण्याआधी मिक्सरमधून काढायची. गूळ घालून फिरवले तर चिकट गोळा होतो आणि मग बिचाऱ्या मिक्सरवर खापर फुटते.

गोव्यात हाच वाद बेबिंकावरून होतो. नारळाचे दूध, अंड्याचे बलक, साखर, मैदा आणि तूप यांचा एकेक थर घालून तो वरच्या आचेवर भाजायचा, मग पुढचा थर. पूर्वी ती आच म्हणजे झाकणावर ठेवलेले नारळाच्या सोडणांचे निखारे. २०२३ साली या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले. निखाऱ्यांचा धूर त्याला जो वास देतो तो विजेच्या ओव्हनमध्ये येणार नाही, हे मला मान्य आहे. पण थर लागणे, कडा खरपूस होणे, सुरीने कापल्यावर पट्टे दिसणे हे सगळे ओव्हनच्या वरच्या कॉइलवर होते, आणि ख्रिसमसला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला ते करता येते. धूर नाही म्हणून बेबिंकच नको, असे म्हणणाऱ्याला बेबिंक खायचे नसून त्यावर बोलायचे असते.

प्रत्येक नव्या डब्याची भलामण मी करते आहे असे मात्र समजू नका. एअर फ्रायरमधली चकली ही चकली नाही. तापलेल्या तेलात पडल्याबरोबर उकडीतले पाणी उसळून बाहेर येते आणि चकली आतून पोकळ, हलकी होते. गरम वाऱ्यावर ती नुसती वाळते. ‘तेलाशिवाय तळलेले’ या शब्दप्रयोगातच काय ते आले. मायक्रोवेव्हला मात्र मी मानते. चिवड्याचे पातळ पोहे त्यात एकेक मिनिटाने हलवत कुरकुरीत केले की आकसत नाहीत, आणि ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघावी लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे. विकतचे काय वाईट, असा प्रश्न विचारतात. वाईट काही नाही, मीही घेते. पण ‘तेच मिळते’ हे खोटे आहे. दुकानातल्या पदार्थाला प्रवास करायचा असतो, फळीवर थांबायचे असते, अमेरिकेला कुरियरने जायचे असते. त्याची पाककृती त्या प्रवासासाठी वाकवलेली असते. ओल्या नारळाची करंजी एक-दोन दिवसांत खावी लागते, म्हणून पाकिटात मिळते ती सुक्या खोबऱ्याची. दोन्ही अस्सल आहेत, पण पाकिटावर वाढलेल्या पोराला पहिली ठाऊकच नसते. बेसनाच्या लाडवाचेही तेच. डब्यात एकावर एक बसून आकार टिकवायचा म्हटले की तूप आखडावे लागते. घरचा लाडू थोडा बसका झाला तरी त्याला कुणी परत पाठवत नाही.

तेलाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ज्याला ध्रुवीय संयुगे म्हणतात ती वाढत जातात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवून दिली आहे. कोणता विक्रेता ती पाळतो आणि कोणता नाही, हे पाकीट बघून कळत नाही. घरी मोजायला यंत्र नसते, पण लागतही नाही: लहान कढई, अर्धा लिटर नवे तेल, दोन पदार्थ, आणि उरलेले फोडणीला संपले. आपल्या कढईच्या लहानपणाला जे नावे ठेवतात त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

यापेक्षा वजनदार आक्षेप तिसराच आहे, आणि तो बायकाच घेतात. घरच्या फराळाचे कौतुक म्हणजे बाईला पुन्हा ओट्याशी बांधायचा कावा, असे त्यांचे म्हणणे. यातला संताप शंभर टक्के खरा आहे. ऑफिसातून येऊन रात्री अकरापर्यंत तळण, नरकचतुर्दशीला सगळ्यांच्या आधी उठणे, आणि वर ‘यंदा चकली जरा कडक झाली’ हे ऐकणे, हे थांबलेच पाहिजे. पण यातला गुन्हेगार चकली आहे का? गिरगावच्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांत करंज्यांना बायका जमत. एक लाटायची, एक सारण भरायची, एक कातायची, एक तळायची, भरलेल्या करंज्या ओल्या पंचाखाली. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. आठ पदार्थांची ती यादी आणि पत्र्याचे ते भलेमोठे डबे त्या मनुष्यबळासाठी होते. वाडा गेला, चाळ गेली, जावा-नणंदा चार शहरांत पांगल्या. हात गेले आणि यादी तशीच राहिली. तीन माणसांच्या घरात एका बाईने पंधरा माणसांचा फराळ करायचा, ही परंपरा कुठल्याच काळात नव्हती. ती आपण अलीकडे तयार केली आहे.

यादी कापा. दोन पदार्थ, पाव-पाव किलो. मिक्सर, कुकर, छोटी कढई हे सगळे याच मापाला बनलेले आहेत. आणि घरातल्या पुरुषाला ओट्याशी उभा करा. चकलीची उकड गरम असतानाच मळून सोऱ्यात भरावी लागते, आणि दांडा दाबायला मनगटात जोर लागतो. जोर असलेला माणूस नेमका त्या वेळी आकाशकंदिलाची वायर जोडत असतो, आणि ती जोडणी तळण संपेपर्यंत चालते.

विकत आणल्याने श्रम नाहीसे होत नाहीत, ते दुसऱ्या बाईकडे जातात, हेही बोलणारे विसरतात. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की तिला पैसे मिळतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचे लिज्जत झाले. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. आज बचत गटाकडून चिरोटे घेणारी बाई त्याच वाटेने पैसे पाठवते आहे, आणि मी त्याविरुद्ध अवाक्षर काढणार नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा मी विकतच घेते. पौषातल्या पहाटे मंद निखाऱ्यावर थेंब थेंब पाक टाकत, बोटांनी हलवत तो फुलवणे ज्यांना जमते त्यांना त्याचे दाम मिळावे. माझा मुद्दा एवढाच आहे की विकत घेणे हा निर्णय असावा. ‘घरी होतच नाही’ म्हणून घेणे हा निर्णय नव्हे, ती कुणीतरी घातलेली भीती आहे.

उरला वेळ. अनारशाला दहा दिवस लागतात असे घाबरवतात. लागतात, पण त्यातले नऊ दिवस तांदूळ आणि गूळ काम करतात, तुम्ही ऑफिसात असता. रोजचे पाणी बदलायला दोन मिनिटे, दळण-चाळण एका संध्याकाळचे, तळण दुसऱ्या. लक्ष्मीपूजनाला हवे असतील तर कोजागिरीनंतर चार दिवसांनी पाव किलो जुना तांदूळ भिजत घाला. पहिला घाणा हसला तर बाजूला ठेवलेले कोरडे पीठ मिसळा आणि दुसरा टाका. चुलीच्या भक्तांना बोलवायचे ते तिसऱ्या घाण्याला, आणि तांदूळ कशावर दळले हे त्यांचे खाऊन झाल्यावर सांगायचे.